कमावलेलं नाव



पोरगा मोठा झाला, चार लोकांत त्याचं कौतुक झालं, की आपण म्हणतो, ‘घराण्याचं नाव काढलं हो!’ तोच वाकडा वागला तर लोक त्याला नावं ठेवतात. बारशाला ठेवतात तेही नावच. एका शब्दाभोवती मराठीनं किती क्रियापदं गोळा केली आहेत, याची मला एरवीही गंमत वाटते. आज ज्या धावपटूविषयी बोलणार आहे, त्याच्यापाशी मात्र ही सगळी क्रियापदं अडखळतात. त्यानं जगभर नाव काढलं. पण ज्या घराण्याचं काढलं ते घराणं त्याचं नव्हतं, आणि नावही त्याचं नव्हतं.

मो फराह. ब्रिटनचा लांब पल्ल्याचा धावपटू. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये पाच हजार आणि दहा हजार मीटर या दोन्ही शर्यतींत सुवर्णपदक, आणि २०१६ मध्ये रिओला पुन्हा दोन्हींत. दोन ऑलिम्पिकमध्ये अशी जोडी त्याच्याआधी फक्त फिनलंडच्या लासे व्हिरेनला, १९७२ आणि १९७६ मध्ये जमली होती. शिवाय सहा जागतिक अजिंक्यपदं. इंग्लंडच्या राणीनं त्याला ‘सर’ केलं. आणि जुलै २०२२ मध्ये बीबीसीच्या एका माहितीपटात या माणसानं सांगितलं, की मी मो फराह नव्हे. माझं नाव हुसेन अब्दी काहिन.

सोमाली लोकांत आपल्यासारखं आडनाव नसतं. आधी स्वतःचं नाव, मग बापाचं, मग आजाचं, अशी साखळी असते. हुसेन, अब्दीचा मुलगा, काहिनचा नातू. म्हणजे नाव सांगितलं की तीन पिढ्या समोर येऊन उभ्या राहतात. या मुलाची ती सगळी साखळी एका विमानप्रवासात तुटली.

त्याचा जन्म १९८३ मधला. गाव सोमालियाच्या उत्तरेकडचं. त्या भागानं १९९१ मध्ये आपण वेगळे झाल्याचं जाहीर केलं आणि सोमालीलँड हे नाव घेतलं. तिथल्या यादवीत, मुलगा चार वर्षांचा असताना, सुटलेली एक गोळी लागून बाप गेला. हुसेनला एक जुळा भाऊ, हसन. पुढं आठ-नऊ वर्षांचा असताना हुसेनला शेजारच्या जिबूती देशात नातेवाइकांकडे पाठवलं गेलं. तिथून एका अनोळखी बाईनं त्याला लंडनला नेलं. युरोपात नातलगांकडे राहायला जायचं आहे असं तिनं सांगितलं होतं आणि पोरगा पहिल्यांदाच विमानात बसायला मिळणार म्हणून खूश होता. तिच्याजवळच्या कागदपत्रांवर फोटो त्याचा होता आणि नाव दुसऱ्याच एका मुलाचं : मोहम्मद फराह. कुणी विचारलं तर हेच सांगायचं, असं तिनं पढवलं. लंडनमधल्या नातलगाचा पत्ता लिहिलेला कागद हुसेननं बरोबर आणला होता. घरी पोहोचल्यावर त्या बाईनं तो त्याच्यासमोर फाडला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला.

हाउन्स्लो भागातल्या त्या घरात तो घरकाम करायचा, दुसऱ्यांची मुलं सांभाळायचा. पहिली काही वर्षं शाळा नाही. न्हाणीघराची कडी लावून तो रडायचा, असं त्यानंच सांगितलं आहे. बाराव्या वर्षाच्या सुमारास त्याला फेल्टमच्या शाळेत घातलं, तेव्हा त्याला इंग्रजी नीट येत नव्हतं. व्यायामशिक्षक ॲलन वॉटकिन्सन यांच्या लक्षात आलं, की या मुलाला मैदानावरची भाषा तेवढी समजते. एक दिवस त्यानं सरांना सगळं सांगून टाकलं. सरांनी समाजकल्याण खात्याला कळवलं, आणि एका सोमाली मित्राच्या आईनं त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं. चौदाव्या वर्षी शाळांच्या संघातून लाटव्हियाला धावायला जायची संधी आली, तर प्रवासाची कागदपत्रंच नाहीत. वॉटकिन्सन सरांनी खटपट करून नागरिकत्वाचा अर्ज करवला. जुलै २००० मध्ये ते मिळालं. अर्थात मोहम्मद फराह या नावानं. खोट्या नावावर सरकारी शिक्का बसला, आणि तो बसला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं. इथं कुणाला दोष द्यायचा ते मला ठरवता येत नाही. आमच्या गावातसुद्धा शाळेच्या दाखल्यावर निम्म्या मुलांचा जन्म १ जूनचा असे, आणि आखातात गेलेल्यांचं पासपोर्टवरचं वय आईच्या तोंडच्या वयाशी क्वचितच जुळे. पण वय इकडचं तिकडं होणं वेगळं आणि आख्खं नाव पुसलं जाणं वेगळं.

आता एक प्रसंग सांगतो, तो मला सगळ्या पदकांहून मोठा वाटतो. लंडनमधल्या एका सोमाली खानावळीत एक बाई त्याच्याजवळ आली आणि तिनं त्याच्या हातात एक कॅसेट ठेवली. त्या कॅसेटवर त्याच्या आईचा आवाज होता. वर एक फोन नंबर लिहिलेला, आणि सोबत निरोप असा, की तुला अडचणीचं होणार असेल तर फोन करू नकोस. मुलाला वाटलं निरोप ऐकायला मिळेल. आई गात होती. जुनी सोमाली गाणी, कवनं, विरहाची. कित्येक दिवस, आठवडे तो ती ऐकत राहिला.

सोमाली भाषेला अधिकृत लिपी मिळाली ती १९७२ मध्ये. तोवर कविता तोंडातोंडीच चालत आल्या, आणि लिपी आल्यावरही लोकांनी त्या कॅसेटवर भरून देशोदेशी पाठवल्या. आम्हा कोकणातल्या लोकांना यात काही नवल वाटणार नाही. १९८० च्या सुमारास माझा मामू कुवेतला होता आणि नानीला लिहिता येत नसे. घरातला शाळकरी म्हणून टेपरेकॉर्डरची बटणं दाबायचं काम माझ्याकडे. नानी आधी त्या यंत्राशी बोलायला लाजायची. मग ‘कसा हायेस, जेवतोस ना’ एवढं बोलून तिचं बोलणं खुंटायचं आणि फीत नुसतीच फिरत राहायची. मग ती एकदम लग्नातलं एखादं गाणं म्हणायला लागायची. जे बोलता येत नव्हतं ते गाता येत होतं. मधली ती रिकामी फीत आम्ही कधी पुसली नाही, तशीच पाठवायचो.

तर हा मुलगा धावपटू झाला. शालेय स्पर्धा त्यानं जिंकल्या, २००१ मध्ये कुमारांच्या युरोपीय स्पर्धेत पाच हजार मीटरचं सुवर्ण मिळवलं. सरावाला जाता यावं म्हणून पॉला रॅडक्लिफ या मोठ्या धावपटू बाईंनी त्याच्या मोटार शिकण्याचे पैसे भरले. पण गुण असणं आणि तो धंदा म्हणून पत्करणं यांत अंतर असतं. ते त्याला २००५ मध्ये कळलं, टेडिंग्टनला केनियाच्या धावपटूंबरोबर एका घरात राहू लागला तेव्हा. ती मंडळी खायची, धावायची, झोपायची, पुन्हा धावायची. बाकी काही नाही. आपण त्यांना जिंकताना बघतो आणि म्हणतो, त्यांच्या रक्तातच आहे. रक्तात असेलही, पण रात्री लवकर दिवा मालवणं रक्तात नसतं.

तरीही २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये त्याला अंतिम फेरी गाठता आली नाही. त्यानंतर इथिओपिया आणि केनियाच्या उंच पठारांवर घरापासून महिनोन्‌महिने दूर राहायचं, हवा विरळ असते तिथं शरीराला कमी प्राणवायूत काम करायची सवय लावायची. आठवड्याला जवळजवळ दोनशे किलोमीटर. म्हणजे दर आठवड्याला मुंबईहून पुण्याला पायी जाऊन पुढं साताऱ्याच्या वाटेला लागण्यासारखं.

आणि त्याच्या धावण्यातली खरी खुबी वेगळीच होती. दहा हजार मीटर म्हणजे मैदानाच्या पंचवीस फेऱ्या. पाच किंवा दहा हजार मीटरचा जागतिक विक्रम फराहच्या नावावर कधीच नव्हता. नुसत्या घड्याळाशी लढायचं तर इथिओपियाचा केनेनिसा बेकेले त्याच्या कितीतरी पुढं. फराह घड्याळाशी नाही, माणसांशी लढायचा. सुरुवातीला अगदी मागं, रमतगमत चालल्यासारखा. हळूहळू पुढं सरकायचा, शेवटच्या दोन-तीन फेऱ्या उरल्या की आघाडी घ्यायची आणि मग कुणालाही बाजूनं पुढं जाऊ द्यायचं नाही. लंडनला दहा हजारच्या अंतिम शर्यतीत चोवीस फेऱ्या झाल्यावरची शेवटची फेरी त्यानं सुमारे ५३ सेकंदांत मारली. हा जोर आला कुठून, ते २०१३ मध्ये मोनॅकोला कळलं. तिथं तो पंधराशे मीटर ३ मिनिटं २८.८१ सेकंदांत धावला. तो युरोपीय विक्रम होता. रिओला तर दहा हजारच्या शर्यतीत त्याच्याच सरावातल्या जोडीदाराचा पाय लागून तो आडवा झाला. उठला, मागून सगळे गाठले, आणि जिंकला. २०१७ मध्ये लंडनच्या जागतिक स्पर्धेत युगांडा, केनिया, इथिओपियाच्या धावपटूंनी आळीपाळीनं वेग वाढवून त्याला दमवायचा प्रयत्न केला. शेवटच्या फेरीत ठेचकाळून तो मैदानाच्या कडेला गेला, तरी पहिला आला. वेळ २६ मिनिटं ४९.५१ सेकंद.

४ ऑगस्ट २०१२ ची लंडनमधली ती रात्र आठवा. रमजानचा महिना होता. भरलेल्या मैदानात जिंकल्यावर त्यानं धावपट्टीला कपाळ टेकवून सजदा केला आणि हजारो इंग्रज प्रेक्षक ‘मो, मो’ म्हणून ओरडत होते. तो आरडाओरडा चालला असताना त्या वाकलेल्या माणसाच्या मनात कोणतं नाव असेल, हे तेव्हा कुणालाच विचारता येण्यासारखं नव्हतं.

गुलाबी चित्र रंगवायचा माझा हेतू नाही. धंदेवाईक धावपटू बुटांच्या कंपन्या आणि मानधन यांवर जगतो. २०१३ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये फराह अर्ध्या अंतराला थांबला, तेव्हा अर्ध्या शर्यतीचं मानधन कसलं, असं लोकांनी विचारलं होतं. मला ते विचारणं रास्तच वाटतं. त्याहून गंभीर गोष्ट त्याच्या प्रशिक्षकाची. २०११ पासून तो अमेरिकेत अल्बर्टो सालाझार यांच्याकडे शिकत होता. उत्तेजकांविषयीच्या नियमभंगाबद्दल सालाझारवर २०१९ मध्ये चार वर्षांची बंदी आली. फराह स्वतः कधी उत्तेजक तपासणीत दोषी ठरला नाही. पण आरोप २०१५ मध्येच जाहीर झाले होते आणि तो २०१७ पर्यंत तिथंच राहिला. लवकर निघायला हवं होतं, असं माझं मत आहे.

त्याच २०१७ ची आणखी एक गोष्ट. वर्ष उजाडताच ‘सर’ किताब जाहीर झाला. त्याच जानेवारीच्या अखेरीस अमेरिकेच्या अध्यक्षांनी सोमालियासह सात देशांच्या लोकांना प्रवेशबंदी केली. फराहचं घर आणि मुलं अमेरिकेत, तो इथिओपियात सरावाला. राणीनं मला सरदार केलं आणि यांनी परका, अशा अर्थाचं त्यानं लिहिलं. ब्रिटिश पासपोर्टमुळे आपल्याला ही बंदी लागू नाही, हे त्याला नंतर कळलं. नाव, जन्मगाव आणि पासपोर्ट या तीन गोष्टींत माणूस नेमका कुठं राहतो? मघाशी निवेदिकेनं माझं नाव सांगितलं, तेव्हा तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल, की आता उर्दूत काही ऐकायला मिळणार. तीस वर्षं मराठीत कविता लिहितोय. अजून कुणी ना कुणी विचारतंच, तुमचं मराठी इतकं चांगलं कसं? मी म्हणतो, तुमचं जसं झालं तसंच.

त्या वर्षी त्यानं मैदान सोडलं आणि रस्त्यावरच्या शर्यती धरल्या. २०१८ मध्ये शिकागो मॅरेथॉन जिंकली. जून २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकसाठी पात्र ठरायला मँचेस्टरला घड्याळाशी धावला आणि १९ सेकंदांनी कमी पडला. जो माणसांशी लढायचा त्याला शेवटी घड्याळानंच हरवलं. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यूकॅसलहून निघणारी ग्रेट नॉर्थ रन, जी त्यानं लागोपाठ सहा वेळा जिंकली होती, ती त्याची शेवटची शर्यत. चौथा आला.

पण त्याआधी, २०२२ मध्ये, त्यानं ते सगळं सांगितलं. तोपर्यंत आईवडिलांबरोबर निर्वासित म्हणून आलो, अशी एक गोष्ट तो सांगत आला होता. खरं सांगण्यात जोखीम होती. खोट्या माहितीवर मिळालेलं नागरिकत्व काढून घेता येतं, हे वकिलानं कॅमेऱ्यासमोरच त्याला सांगितलं. ब्रिटिश गृहखात्यानं कारवाई करणार नाही असं जाहीर केलं. तो ‘सर’ मो फराह होता म्हणून, असं कुणाला वाटलं तर नवल नाही. आज कुणाच्या तरी स्वयंपाकघरात भांडी घासत असलेल्या बिनपदकाच्या हुसेनसाठी गृहखात्याचं पत्रक निघालं असतं का, मला शंका आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या स्थलांतरविषयक संघटनेनं त्याला सदिच्छादूत नेमलं, ते अशाच मुलांसाठी बोलायला.

आणि तो दुसरा मुलगा? खरा मोहम्मद फराह, ज्याच्या नावाची विमानातली जागा हुसेनला मिळाली? माहितीपटाच्या शेवटी दोघं व्हिडिओवर बोलले. तो तुर्कस्तानात होता. त्याचं नाव आपण वाहून नेतोय याचा विचार मनातून जात नाही, असं हुसेननं सांगितलं आहे. चार ऑलिम्पिक सुवर्णपदकांच्या यादीत ज्याचं नाव आहे, तो त्या शर्यती लागल्या तेव्हा मैदानात नव्हता. आणि जो होता, त्याचं नाव त्या यादीत नाही. आता ती यादी कुणी बदलणार नाही, त्यानंही बदला म्हटलेलं नाही. मोहम्मद हेच नाव तो वापरतो.

पत्नी टानियाला त्यानं लग्नाआधी, २०१० च्या सुमारास, तिनं विचारून विचारून पिच्छा पुरवला तेव्हा खरं सांगितलं होतं. २०१५ मध्ये त्यांना मुलगा झाला. त्याचं नाव त्यांनी हुसेन ठेवलं. जगाला खरं कळायला अजून सात वर्षं होती. पण त्या घरात जेवायला, अभ्यासाला, झोपायला चल म्हणून हुसेनला रोज मोठ्यानं हाक मारली जात होती.