पाण्यातले पहिले मिनिट



वैशाखाच्या उकाड्यात आपण पंखे हलवीत बसला आहात, आणि आम्ही गार पाण्याच्या धोक्याविषयी बोलणार, याचे आपणांस हसू येईल. परंतु पौषातल्या पहाटे पवनेचे पाणी कसे झोंबते, हे चिंचवडकरांना सांगावयास नको.

ज्याला पोहता येते त्याला पाण्याचे भय नाही, असा आमचाही समज होता. आमच्या माहितीतल्या एका पट्टीच्या पोहणाऱ्या तरुणाची होडी अशाच पहाटे कलंडली. काठ हाकेच्या अंतरावर होता. तो पोहोचला नाही. लोक म्हणाले, नदीने बळी घेतला. नदीला कशाला बोल लावावा? अंगाला एकाएकी गार पाणी लागले की माणूस जोराने श्वास ओढतो, आणि तो आवरू म्हटल्याने आवरत नाही. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असले, तर पाणीच छातीत जाते. मग धाप लागते, काळीज धडधडते, आणि घाबरलेला मनुष्य करू नये तेच करतो. जिवाच्या आकांताने हात मारू लागतो. यास बर्फ लागत नाही. पाणी २५ अंश सेल्सियसच्या खाली गेले की या प्रकारास आरंभ होऊ शकतो.

कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्त यांनी बर्फगार पाण्यासाठी १-१०-१ असा हिशेब मांडला. श्वास ताब्यात येण्यास १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती १० मिनिटे, आणि गारठून शुद्ध हरपण्यापूर्वीचा १ तास. आमच्याकडे पुढचे दोन आकडे बरेच लांबतील. पहिल्या मिनिटाला सवलत नाही. त्या मिनिटात पोहू नये. उताणे व्हावे, तोंड वर ठेवावे, होडी धरावी. आणि लाइफ जॅकेट अंगात, पट्टे आवळून असावे; होडीत उशाला घेतलेले काय कामाचे?

दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये वल्हवण्याचे शिक्षण घेतलेले चांदवड तालुक्यातील दत्तू भोकनळ २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये १३वे आले. त्यांना आरंभी पाण्याची भीती वाटे. आम्हांस ती भीती उणेपणाची वाटत नाही.

कोणी बुडताना दिसला तर मागे उडी टाकू नये. दोर, बांबू, निदान लुगडे फेकावे. बाहेर काढल्यावर ओले कपडे उतरवून कोरड्या घोंगडीत गुंडाळावे. हातपाय चोळू नयेत. दारू मुळीच पाजू नये. ऊब आल्याचा भास होतो, आणि अंगातली उष्णता उलट बाहेर जाते. शुद्धीवर असेल तर गोड चहा द्यावा, आणि दवाखाना गाठावा.