घोरणाऱ्याची झोप
(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वैद्यक शाखेचा मनुष्य नव्हे, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. त्यामुळे घोरण्यासारख्या विषयावर मी बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. परंतु या विषयाकडे माझे लक्ष वेधले ते एका केसपेपरने, आणि केसपेपरचा नमुना ठरविणे हे माझ्या कामात मोडते.

काही वर्षांपूर्वी आपल्याकडे एक गृहस्थ हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाले. रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचे आजार, सर्व रकाने व्यवस्थित भरलेले होते. आदल्या रात्री त्यांच्या पत्नी सिस्टरांना सहज म्हणाल्या, "हे घोरता घोरता एकदम गप्प होतात. श्वासच थांबतो. मग मी हलवून जागे करते." सिस्टरांनी ही गोष्ट भूलतज्ज्ञांच्या कानावर घातली. शस्त्रक्रिया पुढे ढकलण्यात आली, झोपेची तपासणी झाली आणि तीव्र स्वरूपाचा स्लीप अ‍ॅप्निया निघाला. भुलीच्या आणि वेदनाशामक औषधांच्या अमलाखाली अशा रुग्णाचा घसा अधिकच मिटतो. त्या बाई बोलल्या नसत्या तर काय झाले असते, हा विचार आजही मनात येतो. त्यांना विचारण्यासाठी आमच्या छापील केसपेपरवर रकानाच नव्हता. ही उणीव डॉक्टरांची नव्हती, प्रशासनाची होती, म्हणजे माझी होती.

घोरणे म्हणजे गाढ झोप, अशी आपल्याकडे समजूत आहे. कुंभकर्णाचे नाव घेऊन आपण हसतो आणि विषय सोडून देतो. प्रत्यक्षात झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ व पडजीभ मागे सरकते, वाट अरुंद होते आणि हवेच्या झोताने मऊ भाग थरथरतो. तोच तो आवाज. प्रत्येक घोरणाऱ्यास आजार असतो असे नाही. पण काहींची वाट पूर्ण मिटते. छाती हवेसाठी धडपडते, हवा आत जात नाही, रक्तातील प्राणवायू उतरतो. अखेर मेंदू माणसाला क्षणभर अर्धवट जागा करतो, मोठ्याने श्वास घेतला जातो आणि पुन्हा घोरणे सुरू होते. सकाळी त्याला यातले काहीही आठवत नाही.

दहा सेकंद वा अधिक काळ श्वास थांबणे वा पुरेसा न येणे, अशा घटना तासाला किती होतात ते मोजतात. ३० किंवा त्याहून अधिक असल्यास आजार तीव्र समजतात. हिशेबाची सवय असल्याने मी आकडेमोड केली: तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा, सात तासांच्या झोपेत २१० वेळा! दर वेळी नाडी व रक्तदाब उसळतात. औषधांना न जुमानणारा रक्तदाब, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, पक्षाघात यांचे नाते या आजाराशी आहे. दिवसा डुलकी येणारा माणूस वाहन चालवीत असेल, तर धोका त्याच्या एकट्यापुरता राहत नाही. स्थूल पुरुषांत हा आजार अधिक, परंतु रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांतही तो वाढतो. स्त्रिया मात्र संकोचाने घोरण्याविषयी बोलत नाहीत. लहान मुलांत बहुधा टॉन्सिल व अ‍ॅडेनॉइड वाढलेले असतात. ते काढल्यावर पुष्कळ मुले बरी होतात.

उपचारांत वजन घटविणे, मद्य वर्ज्य करणे, डॉक्टरांच्या सल्ल्याविना झोपेच्या गोळ्या न घेणे आणि कुशीवर झोपणे हे सर्वांस शक्य आहे. मध्यम व तीव्र आजारावर मुख्य उपाय सी-पॅप यंत्राचा. १९८० पर्यंत गंभीर रुग्णाच्या गळ्याला छिद्र पाडणे हाच खात्रीचा मार्ग होता. त्या वर्षी सिडनी येथील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा सौम्य दाब देऊन घसा उघडा ठेवण्याची युक्ती काढली आणि १९८१ मध्ये ती 'लान्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत टिर्झेपॅटाइड या इंजेक्शनास स्थूल रुग्णांतील या आजारासाठी मान्यता मिळाली. तथापि आपल्या सामान्य रुग्णांस ते परवडणारे नाही.

आता देणगीदारांना एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. आपण दिलेल्या यंत्रांपैकी काही आज लोकांच्या घरी माळ्यावर पडून आहेत. मास्क टोचतो, नाक कोरडे पडते, घरचे हसतात, आणि पहिल्या पंधरवड्यातच यंत्र बंद होते. किती तास वापर झाला याची नोंद यंत्रातच राहते. रात्री किमान चार तास आणि दहापैकी सात रात्री, हा वापराचा रूढ निकष. ही नोंद माझ्या दृष्टीने खतावणीइतकीच बोलकी आहे. यंत्र घेतल्याची पावती फाइलला लागली म्हणजे उपचार झाला, असे मीही पूर्वी मानत असे.

यास्तव यंदा नवीन यंत्रांऐवजी एका तंत्रज्ञाच्या वेतनासाठी साहाय्य मागत आहे. त्याने पहिला महिनाभर रुग्णाच्या घरी जावे, मास्क नीट बसवावा, हवा दमट करण्याची सोय पाहावी. वेतनावर नावाची पाटी लावता येत नाही, हे मी जाणतो.

केसपेपरवर आता रकाना आहे: 'झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहिला आहे काय?' टोरांटोच्या डॉ. फ्रान्सिस चुंग यांनी २००८ मध्ये मांडलेल्या प्रश्नावलीत हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर रुग्णास देता येत नाही. सभेस आलेल्या आप्तेष्टांसाठी हे पत्रक प्रवेशद्वाराशी ठेवले आहे. जाताना कृपया घेऊन जावे.