भातावरचे तुडतुडे आणि फवारणीचे विष



आज आपण भातावरच्या तुडतुड्यांविषयी बोलू. पाऊस सरत येतो, भात निसवते, आणि एक दिवस कुणीतरी धावत येते, "गुरुजी, भाताक आग लागली!" जाऊन पाहावे तर हिरव्या कुणग्यात मधोमध एक गोल, तपकिरी चट्टा. बघता बघता तो अंगणाएवढा होतो. लोक म्हणतात, करपा पडला. पण करपा वेगळा. तो पानावर ठिपके पाडतो. इथे नुसते पान पाहून भागत नाही. खाली वाकावे, चूड दोन्ही हातांनी फाकवावा आणि पाण्यालगत, अगदी बुडाशी बघावे. तिथे तिळाएवढे तपकिरी किडे दाटीने बसलेले दिसतील. ते सोंड खुपसून रोपाचा रस पितात. रस संपला की रोप वाळते. १९७३-७४ साली केरळात या तपकिरी तुडतुड्यांनी हजारो हेक्टर भात असेच वाळवून टाकले होते.

मग आपण दुकानात जातो आणि म्हणतो, औषध द्या. औषध कसले? ते विष आहे. या तुडतुड्यांवर जी विषे मारतात, त्यांतल्या एका जातीचे नाव कार्बामेट. त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. पश्चिम आफ्रिकेत कॅलाबार नावाचा मुलूख आहे. तिथे एका वेलीचे बी फार विषारी. पूर्वी एखाद्यावर आळ आला की त्याला ते बी खायला घालीत. वाचला तर निर्दोष, मेला तर गुन्हेगार! शास्त्रज्ञांनी त्या बियातले विष तपासले आणि पुढे त्याच धर्तीवर किडे मारणारी द्रव्ये तयार केली.

हे विष करते काय? आपण हात हलवतो तेव्हा नस हुकूम देते. काम झाले की हुकूम पुसावा लागतो. त्यासाठी शरीरात एक पदार्थ असतो. फळा पुसायला डस्टर असते ना, तसा. कार्बामेट त्या डस्टरलाच धरून ठेवते. फळा पुसला जात नाही, हुकमावर हुकूम साचतात, अंग थरथरते, श्वास अडतो. असे डस्टर तुडतुड्यात आहे, व्हाळातल्या कुर्लीत आहे, खाडीतल्या सुंगटात आहे आणि आपल्यातही आहे.

सेविन हे नाव जुन्या शेतकऱ्यांना आठवत असेल. तेही कार्बामेटच, कार्बारिल. भोपाळच्या कारखान्यात ते तयार होई. त्यासाठी साठवलेला वायू २ डिसेंबर १९८४ च्या रात्री फुटला आणि हजारो माणसे मेली. २०१८ साली सरकारने कार्बारिलवर बंदी घातली. फेनोबुकार्ब, म्हणजे बीपीएमसी, हे भातावरच्या तुडतुड्यांसाठीचे दुसरे कार्बामेट.

आता ते मारावे कधी? एक तुडतुडा दिसला म्हणून पंप पाठीवर घेऊ नये. शेतात तिरपे चालत जावे आणि वीसेक चूड तपासावे. चुडामागे ५ ते १० तुडतुडे भरले तर फवारणीचा विचार करावा. त्याआधी पाणी तीन-चार दिवस काढून टाकावे. किड्याला बुडाशी ओल आणि सावली लागते. युरियाचा हात आखडावा, त्याने रोप लुसलुशीत होते आणि तुडतुड्यांची चंगळ होते. शेतातला कोळी तर आपला बिनपगारी राखणदार. उगाच फवारले की आधी तो मरतो, आणि मग तुडतुडे पूर्वीपेक्षा जास्त वाढतात.

फवारायचेच ठरले तर बुडाशी फवारा. वरच्या पानावर विष ओतून खालचा किडा मरत नाही. किती घालायचे ते दुकानदाराच्या तोंडून नको. आता तुम्हाला वाचता येते. डब्यावरची चिठी स्वतः वाचा, भात कापायच्या किती दिवस आधी थांबायचे तेही तिथेच असते. डब्यावर रंगीत त्रिकोण असतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा असला तरी विष ते विषच. वारा पाठीशी घ्यावा, अंगभर कपडे घालावेत, हातमोजे आणि तोंडाला फडके असावे. मध्येच तंबाखू मळू नये. अडकलेली तोटी तोंडाने फुंकू नये. पंप विहिरीवर किंवा व्हाळात धुवू नये. रिकामा डबा घरात आणून त्यात तेल-मीठ भरणारी माणसे आहेत, त्यांना काय म्हणावे?

फवारताना कुणाला दरदरून घाम सुटला, तोंडाला लाळ आली, नजर अंधुक झाली, पोटात कळ आली, तर उन्हाचा त्रास म्हणून सावलीत निजवू नका. भूत लागले म्हणून गाऱ्हाणे घालत बसू नका. कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा, मुद्दाम ओकारी काढू नका आणि लगेच दवाखान्यात न्या. कार्बामेटची पकड काही तासांनी आपोआप सुटते, पण तोवर श्वास चालू राहिला पाहिजे. त्यावर ॲट्रोपिनचे इंजेक्शन असते. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील, काय फवारले होते? म्हणून डब्यावरची चिठी बरोबर न्या, आणि डबा गळत असेल तर नाव कागदावर लिहून घ्या.