काव्यावरचं शिंगरू

नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. तिथला घोडेबाजार पाहायला दूरदूरचे शौकीन येतात. पण शिंगरू घरी आणलं की खरं काम सुरू होतं, ते काव्यावर, म्हणजे लांब दोरीवर गोल फिरवण्याचं.

रिंगण साधारण 20 मीटर व्यासाचं ठेवा. लहान रिंगणात सांध्यांवर ताण येतो. दोरी हाताला कधीही गुंडाळू नका. घोडा उधळला तर बोटं जातात. तिच्या घड्या मुठीत धरा. चाबूक मारायला नसतो, दिशा दाखवायला असतो.

लगामापासून तंगाला, म्हणजे पोटाखालच्या पट्ट्याला, बांधायचे बाजूचे पट्टे आणि डोकं वर जाऊ न देणारा जेरबंद यांबद्दल माझं मत ठाम आहे. मान वाकलेली देखणी दिसते म्हणून ते आवळणं हा जनावरावर अत्याचार आहे. मान पुढे लांबवता आली, तरच घोडा पाठ उचलतो आणि मागचे पाय पोटाखाली आणतो. म्हणून आधी पट्ट्यांशिवाय अंग मोकळं करा, मग ते सैल बांधा. नाक कपाळातून सरळ खाली येणाऱ्या उभ्या रेषेच्या पुढेच राहिलं पाहिजे. अधूनमधून दिशा बदला. एका वेळी 20 मिनिटं पुरेत.

घोडा मान हिसडू लागला, शेपूट झटकू लागला, तर पट्टे लगेच सोडा.