मोगलांच्या घरच्या बायका आणि त्यांच्या इमारती
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या बैठकीत सहलीचा विषय निघाला, तेव्हा वेरूळ, घृष्णेश्वर, दौलताबाद या नावांना सर्वांनी माना डोलावल्या. बीबीच्या मकबऱ्याचे नाव निघताच मात्र दोघीतिघी म्हणाल्या, “औरंगजेबाच्या बायकोचे थडगे पाहायला पैसे कशाला खर्चायचे?” त्यावर चिटणीसबाई मला म्हणाल्या, तुम्ही वाचत असता, तर वर्धापनदिनाला याच विषयावर चार शब्द बोला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण वाचनालयातून पुस्तके आणून वाचायची सवय आहे, तेवढ्या भांडवलावर बोलते.

आधी एक सांगते. ज्यांनी तो प्रश्न विचारला त्यांचा मला मुळीच राग नाही. १६८९ साली संभाजीमहाराजांना हालहाल करून मारणारा तो हाच औरंगजेब. १६८१ साली दक्षिणेत उतरला तो १७०७ साली अहमदनगरजवळ मरेपर्यंत परत गेला नाही, आणि त्या पंचवीस वर्षांत या मुलखाने काय सोसले ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मराठी बाईने ते विसरावे असे मी म्हणणार नाही. पण कुठली इमारत कुणी बांधली आणि पैसा कुणाचा, हे पाहू लागले की मोगलांच्या घरातल्या बायका जागोजागी भेटतात. पडद्यात राहणाऱ्या बायका! आणि त्यांची नावे आपल्याला सांगितलीच जात नाहीत.

दिल्लीपासून सुरुवात करते. १५५६ साली हुमायून बादशहा आपल्या ग्रंथालयाच्या जिन्यावरून पडून वारला. त्याची पहिली बायको बेगा बेगम. चौसाच्या लढाईत, १५३९ साली, ती शेरशहाच्या हाती सापडली होती; शेरशहाने तिला मानाने परत पाठवले. पुढे ती मक्केची यात्रा करून आली म्हणून तिला हाजी बेगम म्हणू लागले. हुमायूनची कबर हिनेच बांधवली असे परंपरेने सांगतात. मीरक मिर्झा घियास हा इराणी पद्धतीचा जाणता स्थपती त्या कामावर होता. सुमारे १५७० च्या सुमारास काम पुरे झाले. लाल दगड, मधून मधून पांढरा संगमरवर, आणि सभोवती पाण्याच्या पाटांनी चार भाग केलेली बाग. घुमट दुहेरी आहे. लांबून दिसायला उंच हवा, पण आतल्या दालनाला तेवढी उंची शोभत नाही, म्हणून लहान भांड्यावर मोठे भांडे पालथे घालावे तसे दोन घुमट, मध्ये पोकळी. पुढे साठ वर्षांनी ताजमहालालाही हीच युक्ती वापरली. १८५७ साली शेवटचा बादशहा बहादुरशहा याच इमारतीत इंग्रजांच्या हाती पडला, आणि १९४७ च्या फाळणीत घरदार गमावून आलेल्या निर्वासितांच्या छावण्या याच आवारात पडल्या. एका विधवेने उभारलेल्या आवाराने कुणाकुणाला आसरा द्यावा!

आता आग्र्याला चला. नूरजहान सगळ्यांना माहीत आहे. तिच्या नावाची नाणी पडत असत. पण मला तिच्यापेक्षा तिची आई अस्मत बेगम जवळची वाटते. ही बाई एकदा गुलाबपाणी काढीत होती. गरम गुलाबपाणी ज्या भांड्यांत ओतले त्यांवर तेलकट साय धरली. दुसऱ्या कुणी ती पुसून टाकली असती. हिने थोडी थोडी करून गोळा केली, आणि तेच गुलाबाचे अत्तर! जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत हे लिहून ठेवले आहे. खूश होऊन त्याने तिला मोत्यांची माळ दिली, आणि अत्तराला नाव मात्र पडले ‘जहांगिरी’. भगिनींनो, हसू नका. आपल्या घरी तरी वेगळे काय होते?

तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या कबरीवर नूरजहानने १६२२ ते १६२८ या काळात यमुनेकाठी जी इमारत बांधवली, ती इतिमादुद्दौल्याची कबर. नाव पुन्हा वडिलांचेच, पण आत दोघांच्या कबरी शेजारी शेजारी आहेत. लाल दगड मागे पडून पांढरा संगमरवर पुढे आला तो इथे. त्या पांढऱ्या दगडात रंगीत दगडांचे तुकडे इतके बारीक बसवले आहेत की भरतकामच वाटावे. आणि नक्षी कसली? फुलदाण्या, सुरया, पेले, फळे, सरूची झाडे. लढाया नाहीत, हत्तीघोडे नाहीत, घरात जे मांडून ठेवतात ते. मी ती इमारत फक्त चित्रात पाहिली आहे, पण मला ती ताजमहालापेक्षा अधिक आवडते.

ताजमहालाबद्दल फार बोलत नाही, सगळे बोलतातच. एवढेच सांगते की मुमताजमहल आग्र्याला वारली नाही. ती वारली १६३१ साली आपल्या खानदेशाला लागून असलेल्या बऱ्हाणपुरास, चौदाव्या बाळंतपणात. एकोणीस वर्षांच्या संसारात चौदा बाळंतपणे, आणि त्यांतली सात मुले जगली. आधी तापीपलीकडच्या बागेत तिला पुरले, मग काही महिन्यांनी आग्र्यास नेले. ताजमहालाला प्रेमाचे स्मारक म्हणतात. म्हणोत बापडे. मी तो आकडा वाचला आणि पुस्तक मिटून ठेवले. ताजच्या ऐन मध्यावर कबर आहे ती तिची. शहाजहानची नंतर बाजूला बसवली, तेवढीच गोष्ट त्या बिनचूक इमारतीत एका बाजूला कललेली आहे. आणि कारागिरांचे हात तोडले ही जी गोष्ट सांगतात, तिला त्या काळच्या कागदांत आधार नाही. ताजचे काम चालू असतानाच, १६३९ साली, दिल्लीच्या लाल किल्ल्याचे काम सुरू झाले. कसबी हात हवेच होते.

तिची थोरली मुलगी जहानआरा. आई गेली तेव्हा सतरा वर्षांची. बादशहाच्या घरचा कारभार तिच्याकडे आला, आणि पुढे सुरत बंदराचे उत्पन्न तिला लावून दिले गेले. १६६४ साली महाराजांनी सुरत लुटली, ती याच बंदराची! आग्र्याची जामा मशीद तिच्या पैशाने १६४८ साली पुरी झाली. दिल्लीचा चांदनी चौक, जिथे आजही लग्नाचे शालू घ्यायला लोक जातात, तो तिने १६५० च्या सुमारास वसवला. चौकात हौद होता, त्यात चंद्र दिसे म्हणून ते नाव, असे सांगतात. वाटसरूंसाठी तिने मोठी सराईही बांधली होती, ती १८५७ नंतर इंग्रजांनी पाडली. औरंगजेबाने बापाला कैदेत टाकले तेव्हा ही आग्र्याच्या किल्ल्यात १६६६ पर्यंत, बाप मरेपर्यंत, त्याच्याजवळ राहिली. १६८१ साली वारली. निजामुद्दिनाच्या दर्ग्यात तिची कबर आहे: वर छप्पर नाही, मध्ये माती, मातीवर गवत.

या लोकांची भाषा आपल्या घरातही आहे. अत्तर, गुलाब, बाग, हौद, पडदा, रुमाल, सरबत, हलवा हे शब्द फारसी-अरबीतून आले. सगळे मोगलांनीच आणले असे नव्हे. बहामनी, निजामशाही, आदिलशाही अमलात पुष्कळ आधीच आले होते. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द काढवले. माजघरापर्यंत मात्र तो कोश पोचला नाही, आणि सणाला पाहुण्यांवर शिंपडतो ते गुलाबपाणी गुलाबपाणीच राहिले.

आता मकबरा. २०२३ सालापासून ज्या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले आहे, तिथे १६५७ साली औरंगजेबाची बायको दिलरास बानू वारली, तीही बाळंतपणानंतर महिन्याभरात. संभाजीमहाराजांचा जन्मही त्याच वर्षीचा. त्यांच्या वधाच्या वेळी ती जाऊन बत्तीस वर्षे झाली होती. तिच्याशी आपले वैर काय म्हणून धरायचे? काम १६६० च्या सुमारास झाले. ताजमहाल ज्याने रचला त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा अताउल्ला हा इथला स्थपती, आणि हंसपतराय नावाचा हिंदू कारागीर प्रमुख. दोघांची नावे दरवाजावर कोरलेली आहेत. खर्च ६,६८,२०३ रुपये सात आणे. आणेसुद्धा लिहून ठेवले आहेत! औरंगजेबाचा हात आखडता होता, म्हणून संगमरवर खाली थोड्या उंचीपर्यंत आणि वर घुमटाला. बाकी सगळा चुन्याचा गिलावा. लोक त्याला गरिबांचा ताजमहाल म्हणून नाक मुरडतात. पण आपल्यापैकी ज्यांनी घर बांधले आहे त्यांनी तो गिलावा जवळ जाऊन पाहावा. त्यावर वेलबुट्टी काढली आहे, आणि साडेतीनशे वर्षे पावसापाण्यात ती टिकून आहे. आत गेल्यावर कबर समोर दिसत नाही; ती खालच्या पातळीवर आहे. संगमरवराच्या आठकोनी जाळीपाशी उभे राहून खाली वाकून पाहावे लागते.