रक्ताचे नाते आणि रक्ताची परीक्षा

(समाजाच्या अल्लीपूर येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मी काही डॉक्टर नव्हे. मॅट्रिक झालेला, सारा जन्म खडू-फळ्यापाशी घालविलेला एक सेवानिवृत्त शिक्षक आहे. तेव्हा शरीरशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार तो किती, असे कोणाच्या मनात आले तर त्यात वावगे काही नाही. परंतु कार्यकारिणीने विषय सुचविण्यास सांगितले, आणि गेली कित्येक वर्षे मनात सलत असलेला विषय मी सुचविला. पाच मिनिटे शाळा भरली आहे असे समजून ऐकावे, ही विनंती.

आपण उठल्यासुटल्या रक्ताच्या गोष्टी बोलतो. रक्ताचे नाते, रक्ताचे पाणी, रक्त आटविले, रक्त उसळले. परंतु हे रक्त आहे तरी काय? प्रौढ माणसाच्या अंगात ते सुमारे पाच लिटर असते. काचेच्या नळीत, गोठू न देता, स्थिर ठेवले तर त्याचे थर पडतात. वर फिकट पिवळसर पाणी राहते, त्यास रक्तद्रव म्हणतात. हा भाग निम्म्याहून थोडा अधिक, आणि त्यातही दर दहा भागांत नऊ भाग निव्वळ पाणी. उरलेल्यात क्षार, साखर, प्रथिने. खाली बसतो तो पेशींचा गाळ. तांबड्या पेशी प्राणवायू वाहतात, पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी झुंजतात, आणि रक्तबिंबिका नावाचे बारीक कण जखम झाली की तोंड बांधून टाकतात. खसखशीच्या दाण्याएवढ्या रक्तात तांबड्या पेशी किती असाव्यात? सुमारे पन्नास लक्ष! प्रत्येकीचे आयुष्य अवघे एकशेवीस दिवस. जुन्या मोडीत निघतात, हाडांच्या मगजात नव्या घडतात. हा कारखाना रात्रीसुद्धा थांबत नाही.

आपल्या आयुर्वेदाने सात धातू सांगितले, त्यात पहिला रस आणि दुसरा रक्त. हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो, कारण रक्त ही शरीरातील एकूण पाण्याची एक लहानशी शाखा आहे. साठ किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात सुमारे छत्तीस लिटर पाणी असते. त्यातील दोन तृतीयांश पेशींच्या आत, उरलेले बाहेर. बाहेरच्यापैकी बहुतेक पेशींच्या फटींतून झिरपत असते आणि रक्तद्रवाच्या वाट्यास जेमतेम तीन लिटर येते. फटींतील द्रवाचा काही भाग लसिका होऊन पुन्हा रक्तास मिळतो. सांध्यांत वंगणासारखा द्रव असतो. मेंदू आणि पाठीचा कणा ह्यांच्याभोवती पेलाभर द्रवाची गादी असते. हे सारे एकमेकांशी जोडलेले आहे. वैशाखात वखरणी करून आलेल्या माणसाचा घाम म्हणजे ह्याच साठ्यातून उपसलेले खारट पाणी. साठा घटला की रक्त दाटते. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या वर्गात सहावीचा एक मुलगा होता. अक्षर मोत्यासारखे, गणितात हुशार. परंतु महिन्यातून चारचार दिवस गैरहजर. विचारले की म्हणे, "गुरुजी, पाय दुखत होते." हिवाळ्यात तर हे फारच. डोळे पिवळसर दिसत. घरच्यांनी कावीळ समजून उतारे केले, दोरे बांधले. आणि मी काय केले? मी त्याला कामचुकार ठरविले. एकदा पौष महिन्यात भर वर्गात बाकावर उभे केले. तो अर्धा तास उभा राहिला, रडला नाही. पुढे मोठ्या रुग्णालयात निदान झाले तेव्हा कळले की त्या पायांत खरोखरीच असह्य कळा येत असत. एकोणिसाव्या वर्षी तो गेला. त्याच्या वडिलांनी मला कधी शब्दाने दुखविले नाही. बोलले असते तर बरे झाले असते.

त्या आजाराचे नाव सिकलसेल. सिकल म्हणजे आपला इळा. निरोगी तांबडी पेशी वाटोळी, मधोमध दबलेली आणि इतकी लवचीक असते की आपल्याहून अरुंद नलिकेतूनही वाकून निघून जाते. ह्या आजारात प्राणवायू कमी पडला की पेशी ताठ होऊन इळ्याच्या पात्याप्रमाणे वाकते. अशा पेशी बारीक नलिकांत अडकतात, नाल्यात काडीकचरा अडकावा तशा. पलीकडच्या भागास रक्त मिळत नाही, आणि मग हाडांत, सांध्यांत, पोटात त्या भयंकर कळा उठतात. एकशेवीस दिवस जगणारी पेशी दहावीस दिवसांतच फुटते; म्हणून अंगात रक्त कमी आणि डोळे पिवळे. तान्ह्या मुलाच्या हातापायांवर सूज येणे हे कित्येकदा पहिले लक्षण असते.

एवढ्या मोठ्या उत्पाताचे मूळ पाहाल तर थक्क व्हाल. रक्तास लाली देणारे जे हिमोग्लोबिन, त्याच्या एका साखळीत एकशेसेहेचाळीस मणी असतात. त्यातील सहावा मणी बदललेला, बस्स! 1910 साली अमेरिकेत डॉ. हेरिक ह्यांनी अशा वाकड्या पेशींचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. 1949 साली लायनस पॉलिंग ह्यांनी दोष हिमोग्लोबिनात असल्याचे दाखविले. भारतात 1952 साली निलगिरीच्या डोंगरी लोकांत हा गुण आढळला, आणि 1958 साली शुक्ला व सोळंकी ह्या संशोधकांनी मध्य भारतातील आढळाचे वृत्त 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रात दिले. मध्य भारत म्हणजे आपलाच मुलूख. आज विदर्भात हा आजार अनेक समाजांत आहे, आणि आपला समाज त्यास अपवाद नाही.

हा शाप नव्हे, पूर्वजन्मीचे पाप नव्हे, आणि बाधा तर नव्हेच. उलट ज्याच्या अंगी हा गुण निम्माच असतो त्याचे तीव्र हिवतापापासून बरेचसे रक्षण होते, हे ॲलिसन नावाच्या शास्त्रज्ञाने 1954 साली दाखविले. म्हणून हिवतापाच्या प्रदेशांत तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

निम्मा म्हणजे काय, ते ह्या दोन वाट्यांवरून दाखवितो. प्रत्येक माणसास हा गुण ठरविणारे दोन दाणे मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. तूर म्हणजे चांगला दाणा, हरभरा म्हणजे सदोष दाणा, असे समजा. दोन्ही तुरी, तो निर्दोष. एक तूर, एक हरभरा, तो वाहक. दोन्ही हरभरे, तो रुग्ण. वाहक माणूस नांगर धरतो, कुस्ती खेळतो, नव्वद वर्षे जगतो. सहसा त्यास कळतही नाही. परंतु वधू आणि वर दोघेही वाहक असले, तर दोन्ही वाट्यांतून एकेक दाणा न पाहता उचलून बघा. चार प्रकार संभवतात, त्यात एकदा दोन्ही हरभरे येतात. हा हिशेब प्रत्येक गरोदरपणी नव्याने मांडला जातो. "पहिले लेकरू आजारी झाले, आता पुढची तीन सुटली," असे म्हणणारे मी ऐकले आहेत. ते चूक आहे. आणि एक वाहक, दुसरा निर्दोष असेल, तर काही मुले वाहक होतील, पण आजारी एकही होणार नाही.

आपण सोयरीक जुळविताना कूळ पाहतो, देवक पाहतो, छत्तीस गुण पाहतो. कूळ निराळे म्हणून निर्धास्त होतो. परंतु ह्या दाण्यास कूळ समजत नाही. त्याच त्या शेदोनशे घरांत पिढ्यान्‌पिढ्या लग्ने होत आली, तेव्हा तो एका कुळातून दुसऱ्यात केव्हाच गेला आहे.

सूचना अशी आली आहे की मंडळाच्या वधूवर सूचीत रक्ततपासणीचा एक रकाना छापावा. मी ह्यास स्पष्ट विरोध करतो. तपासणी झालीच पाहिजे. पण छापील पुस्तकात एखाद्या मुलीच्या नावापुढे 'वाहक' हा शब्द पडला, तर तो शिक्का तिच्या जन्माला चिकटेल. मुलाच्या नावापुढचा मात्र आपण सोयीने विसरू. माझे मत असे की चिठ्ठी प्रत्येकाने घरी ठेवावी, सोयरीक बोलण्याच्या पहिल्याच बैठकीत दोन्ही बाजूंनी एकमेकांस दाखवावी, आणि तपासणीचा आरंभ मुलांपासून करावा.

उपदेश करणाऱ्याने आधी आपले सांगावे. मी स्वतः वाहक आहे. माझा धाकटा मुलगाही वाहक निघाला. हे आम्ही पहिल्याच स्थळास सांगितले आणि ते स्थळ फिरले. त्यांनी आपल्या मुलीची तपासणीही केली नाही. घरात महिनाभर सुतक असल्यासारखे होते. दुसऱ्या स्थळाने शांतपणे ऐकून घेतले, मुलीची तपासणी केली, ती निर्दोष निघाली, आणि आज माझी नात अंगणात खेळते आहे.

तपासणीस खर्च नाही. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून केंद्र शासनाची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. शासकीय आरोग्य केंद्रात बोटाच्या टोकावरच्या थेंबभर रक्तावर प्राथमिक चाचणी होते. तीत दोष दिसला तर वाहक की रुग्ण, हे पुढच्या चाचणीने ठरवावे लागते. अर्ध्यावर सोडू नये. आपल्याच जिल्ह्यात सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर ह्यांनी 1969 साली उभे केलेले वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेव्हा दूर जाण्याचेही कारण नाही. ज्यांचे लग्न होऊन गेले आणि दोघेही वाहक आहेत, त्यांनी घाबरू नये. गरोदरपणाच्या आरंभीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

ज्या घरी रुग्ण आहे, त्यांनी मघाची पाण्याची गोष्ट आठवावी. साठा घटला की रक्त दाटते, आणि दाटलेल्या रक्तात इळे लवकर अडकतात. आपल्या भागातला उन्हाळा काय असतो ते मी सांगावयास नको. म्हणून अशा मुलास दिवसभर थोडेथोडे पाणी पाजीत राहावे, हगवण लागल्यास लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते देत राहावे. थंडीत गार पाण्याने आंघोळ नको. ताप आला तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या, आणि डॉक्टरांनी दिल्यास हायड्रॉक्सियुरिया, ही औषधे मनाने बंद करू नयेत. दुसऱ्या औषधाने कळांचे झटके पुष्कळ कमी होतात. 2016 च्या दिव्यांगविषयक कायद्यात ह्या आजाराचा समावेश आहे, त्याचे प्रमाणपत्र काढून घेण्यात कमीपणा मानू नये. आणि शिक्षक बंधूंनो, पाय दुखतात असे मुलाने सांगितले तर त्याला बसू द्यावे.

माझा वेळ संपला आहे. ह्या दोन वाट्या मी टेबलावर ठेवून जातो. भोजनापूर्वी ज्यांना दाणे स्वतः उचलून पाहावयाचे असतील त्यांनी पाहावेत. लग्नाच्या वयाच्या मुलांनी आधी यावे.