गाडीची चमक आणि सदर बाजारचा धडा



मी रायपूरला गाड्या धुण्याचं आणि त्यांच्या रंगावर कोटिंग करण्याचं छोटं दुकान चालवतो. आज मी माझाच धंदा जरा उघडा करून सांगणार आहे. नागपूर, इंदूर, पुणे, तुम्ही कुठूनही ऐकत असाल, पण कोटिंगवर पैसे घालवण्याआधी हे ऐकून घ्या.

आमच्या गावात सदर बाजार नावाची सराफांची जुनी पेठ आहे. अरुंद रस्ता आणि दोन्ही बाजूंना सोन्याचांदीची दुकानं. तिथले एक सराफ माझ्याकडे काळी गाडी घेऊन आले. मी त्यांना सिरॅमिक कोटिंग विकलं. विकताना म्हणालो, ‘‘सेठजी, 9 एच कडकपणा आहे, ओरखडा पडणार नाही.’’ मला शिकवलंच तसं होतं. सहा महिन्यांनी ते परत आले. गाडी उन्हात उभी केली, तर बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे.

मी विचारलं, ‘‘रोज सकाळी कोरडं फडकं मारता का?’’ ते म्हणाले, ‘‘दुकानातला मुलगा मारतो. पण तू तर म्हणाला होतास, नऊ नंबर. आमच्याकडे नऊ नंबर म्हणजे माणिक आणि नीलम. त्यावर धुळीनं कधी ओरखडा पडतो का?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी जाऊन शोधलं, तेव्हा कळलं. रत्नांचा कडकपणा ज्या मोजपट्टीवर मोजतात ती फ्रीडरिश मोहस यांनी 1812 मध्ये मांडली. तिच्यात हिरा 10, माणिक-नीलम 9 आणि साधी वाळू, म्हणजे क्वार्ट्झ, 7. कोटिंगच्या बाटलीवरचं 9 एच मात्र पेन्सिलीचं आहे. चित्रकलेच्या पेन्सिली असतात ना, एचबी, 2 बी, 4 एच, त्यातलंच. ठरावीक दाबानं 9 एच पेन्सिल फिरवली आणि थरावर ओरखडा उठला नाही, एवढाच त्याचा अर्थ. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्राफाइट आणि चिकणमाती. रस्त्यावरची वाळू त्याहून कितीतरी कडक. मी माणिक म्हणून पेन्सिल विकली होती.

आता गाडीवर रंग कसा बसतो ते पाहू. पत्र्यावर आधी गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतं. त्यात क्लिअर कोट 35 ते 50 मायक्रॉन. आपला केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ऊन, पाऊस आणि पक्ष्यांची विष्ठा झेलणारा थर केसापेक्षाही पातळ आहे. सिरॅमिक कोटिंग त्याहून पातळ, एखाद-दुसरा मायक्रॉन. ते ओरखडे काय अडवणार?

मी सेठजींना म्हणालो, ‘‘पुन्हा पॉलिश मारून देतो, फुकट.’’ ते मला दुकानात घेऊन गेले. एक जुनी बांगडी पॉलिशला निघाली होती. त्यांनी ती आधी तराजूवर ठेवली, पॉलिश झाल्यावर पुन्हा ठेवली. म्हणाले, ‘‘चमक हवेतून येत नाही, माल घासूनच येते. आमची झाडलोटसुद्धा आम्ही जपतो, कारण तिच्यात सोनं असतं. तू घासण्याआधी वजन केलं होतंस का?’’

मराठीत दुकानातल्या मातीतून सोनं काढणाऱ्याला झारेकरी म्हणतात. गाडीच्या पॉलिशचा झारेकरी नसतो. घासलेला क्लिअर कोट पाण्याबरोबर गटारात जातो आणि परत येत नाही.

त्या आठवड्यात मी रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेतलं. पत्र्यावर टेकवलं की आकडा दाखवतं. सेठजींच्या गाडीच्या छतावर 118 मायक्रॉन होते, बॉनेटवर 78. गाडी त्यांनी जुनी घेतली होती. आधी ते बॉनेट कितीदा घासलं गेलं कोण जाणे, आणि शेवटचं मी घासलं होतं. आणखी एकदा घासलं असतं तर क्लिअर कोट उडायची भीती होती. मग उन्हानं पापुद्रे निघतात आणि पूर्ण रंगकामाशिवाय इलाज उरत नाही. म्हणून मी पॉलिश केलं नाही, घेतलेले पैसे परत केले. ते ओरखडे आजही त्या गाडीवर आहेत.

मग कोटिंगचा उपयोग काय? उपयोग आहे. आमच्या शहराला लागून उरला आणि सिलतरा इथे स्पंज आयर्न आणि पोलादाचे कारखाने आहेत. त्या बाजूला गच्चीवर, गाडीवर काळी धूळ बसते. तिच्यातले लोखंडाचे कण रंगाला चिकटतात, दव पडलं की गंजतात आणि पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके दिसू लागतात. चांगलं कोटिंग असेल तर हे कण घट्ट बसत नाहीत, पाण्याबरोबर लवकर सुटतात. विष्ठा पुसायला थोडा जास्त वेळ मिळतो. गाडी धुणं सोपं होतं. कोटिंग म्हणजे चिलखत नव्हे, तव्यावरचं तेल आहे. खडी उडते त्या पुढच्या भागाला चिलखतच हवं असेल, तर पारदर्शक फिल्म लावतात, पीपीएफ. ती 150 ते 200 मायक्रॉन जाड असते, म्हणून खरोखर मार झेलते. पण ती महाग आहे.

आता खर्चाशिवाय करता येईल ते. कोरडं फडकं आजच बंद करा. धुळीवर फडकं फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणंच. आधी भरपूर पाणी, मग शॅम्पू. दोन बादल्या ठेवा, एक साबणाची आणि एक हातमोजा खळबळायची. धुणं सावलीत, पत्रा गार झाल्यावर. मे महिन्यात आमच्याकडे पारा 44-45 वर जातो, तेव्हा तापल्या बॉनेटवर बोअरचं जड पाणी वाळलं की क्षारांचे डाग बसतात. म्हणून शेवटी मायक्रोफायबरनं टिपून घ्या. पक्ष्यानं घाण केली तर खरवडू नका. ओलं फडकं पाच मिनिटं ठेवा, मग उचला. नारिंगी ठिपके असतील तर आयर्न रिमूव्हर मिळतो. लोखंडाला लागला की तो जांभळा होतो. वाळू न देता धुऊन टाका.

आणि कोटिंग करायचंच असेल तर दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. घासण्याआधी जाडी मोजून आकडे लिहून देणार का? किती घासणार? वॉरंटीत ओरखडे येतात का, हे कागदावर दाखवणार का? तो चिडला तर गाडी परत न्या.

मीही आता ‘ओरखडा पडणार नाही’ असं म्हणत नाही. सांगतो, ‘‘धुणं सोपं होईल, चमक टिकेल, पण फडकं ओलंच ठेवावं लागेल.’’ काही गिऱ्हाइकं हे ऐकून दुसरीकडे जातात. सेठजी मात्र त्यांच्या मुलाची नवी गाडी माझ्याकडे घेऊन आले. किल्ली देण्याआधी एवढंच म्हणाले, ‘‘पहले तौल लो.’’